‘मिळाले’ या शब्दापाशी थांब

प्रिय पोरी,

फेलोशिप मिळाल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी आनंदाच्या भरात नुसतं ‘छान, छान’ म्हणत राहिले. सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र.

परदेशातल्या संग्रहालयांनी आपल्या वस्तूंचे फोटो आणि नोंदी सगळ्यांसाठी खुल्या केल्यात, आणि त्यात आपल्या सातपुड्यातलं काय आहे ते तू शोधणार आहेस. आधी एक अडचण सांगते. ‘नंदुरबार’ असं आजच्या स्पेलिंगने शोधशील तर हाती फारसं लागायचं नाही. नोंदी लिहिणाऱ्या इंग्रज साहेबांनी धुळ्याचं ‘धुलिया’ केलं, खानदेश कधी ‘के’ने लिहिला तर कधी ‘सी’ने, आणि भिल्ल हा शब्द दोन ‘ई’ घालून. म्हणून 1880 चं खानदेश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, शेजारी ठेव आणि त्यातली गावांची स्पेलिंगं एका वहीत उतरव. पुष्कळदा गावाचं नावच नसेल, नुसतं ‘बॉम्बे’ किंवा ‘मध्य हिंदुस्थान’ एवढंच असेल. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमध्ये जमवलेलं इंडिया म्युझियम 1879 साली मोडलं. त्यातलं काही आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे गेलं, काही ब्रिटिश म्युझियमकडे, झाडपाल्याचं लंडनच्या क्यू या वनस्पती-बागेकडे. एकाच पेटीतून आलेल्या तीन वस्तू आज तीन वेगळ्या सूचींत असू शकतात.

आता मुख्य गोष्ट. नोंदीत वस्तूचं माप असतं, लाकूड कोणतं ते असतं, देणाऱ्या साहेबाचं नाव असतं. बनवणाऱ्याचं नाव जवळजवळ कधीच नसतं. आणि वस्तू तिथे कशी पोचली याबद्दल एकच शब्द असतो, ‘मिळाले’ किंवा ‘गोळा केले’. त्या शब्दापाशी थांब. कोणाकडून मिळाले? विकत घेतले, मागून घेतले, की हिसकावले? देणाऱ्याचा हुद्दा बघ, साल बघ, आणि त्या सालात आपल्याकडे काय चाललं होतं ते शेजारी मांड. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यातल्या आंबापाणीला भिल्लांचे पुढारी खाजा नाईक यांच्या माणसांशी इंग्रजांची लढाई झाली. त्या सुमारास खानदेशात असलेल्या एखाद्या कॅप्टनच्या घरून तीरकामठा संग्रहालयात गेला असेल, तर प्रश्न विचारणं तुझं कामच आहे.

पण उत्तर आधीच ठरवून बसू नकोस. तो कॅप्टन बाजारात गेला असेल आणि चार आणे देऊन तीरकामठा घेऊन आला असेल, असंही होऊ शकतं. पुरावा असेल तितकंच लिही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडून साताऱ्याला 2024 च्या जुलैत आलेल्या वाघनखांची नोंद मुद्दाम वाच. पेटीवर लिहिलंय की ही शिवाजी महाराजांची, ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे तिथला इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना त्याला पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली. हीच ती वाघनखं, याची खात्री करता येत नाही, असं संग्रहालयच सांगतं. आपल्याकडे त्यावरून किती वाद झाले ते तू पाहिलंस. पेटीवरचा मजकूर आणि सिद्ध झालेलं सत्य यांच्यात जे अंतर आहे ते उघड लिहिणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं. आपल्या लोकांच्या बाजूने लिहितानाही तेच माप लाव. साहेबाने रचलेली गोष्ट काढून तिच्या जागी आपण रचलेली ठेवली, तर तुझ्या आजीच्या पदरात काय पडलं?

हे मी इतकं का सांगते, त्यामागे एक गोष्ट आहे. तुला ती कधी सांगितली नाही.

तू शाळेत यायच्या किती तरी आधी मी सातवीचा वर्ग घेऊन एका संग्रहालयात गेले होते. काचेमागे तीरकामठा होता आणि खाली चिठ्ठी, ‘लुटारू जमातीचे शस्त्र’. माहिती सांगणारे गृहस्थ तेच वाचत होते. सातपुड्यातल्या मोलगीकडचा एक मुलगा मागून म्हणाला, “बाई, ह्या बाणाचं टोक बोथट आहे. हा पाखरं पाडायचा बाण आहे.” मी त्याला म्हटलं, “गप्प बस, ते सांगताहेत ना.” तो गप्प बसला, पुढे वर्षभर वर्गातही फारसा बोलला नाही. संपूर्ण इमारतीत त्या वस्तूबद्दल खरं माहीत असलेला तो एकटा होता, आणि त्याला मी गप्प केलं. माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा 1871 चा, तो रद्द झाला 1952 मध्ये. चिठ्ठीवरचा शब्द मात्र काचेमागे तसाच होता आणि मी, इतिहास शिकवणारी, त्याच्या बाजूने उभी राहिले.

म्हणून स्क्रीनवर जे सापडेल ते आधी लोकांकडे ने. धडगावच्या वर डोंगरात रेंजचा भरवसा नाही, फोटो मोठ्या कागदावर छापून घे. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, तिथे जुनी माणसं भेटतील, चांदीचे दागिने अंगावर असलेल्या म्हाताऱ्या भेटतील. फोटो हातात दे आणि नोंदीतलं नाव सांगू नकोस, “हे काय आहे?” एवढंच विचार. कोणी पावरीत सांगेल, कोणी भिलोरीत, कोणी अहिराणीत. ज्या भाषेत शब्द आला त्याच भाषेत तो देवनागरीत लिही. मराठी अर्थ खाली दे, पण मूळ शब्द वर राहू दे. दोन गावांत दोन वेगळी नावं मिळाली तर दोन्ही लिही.

आणि कोणी म्हणालं, “हे दाखवायचं नसतं,” तर तिथेच थांब. देवाच्या काही वस्तू, काही गाणी ठरावीक वेळेलाच, ठरावीक माणसांसमोरच बाहेर काढतात. फेलोशिपचा अहवाल भरायचा म्हणून ते रेकॉर्ड करू नकोस. जगात इतर आदिवासी समाजांनीही हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाय. ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ नावाच्या उपक्रमात पारंपरिक ज्ञानाची लेबलं आहेत, ही वस्तू फक्त बायकांनी बघायची, ही फक्त अमुक ऋतूत, असं त्या समाजाला नोंदीवरच लिहिता येतं. तुझ्या फेलोशिपवाल्यांना पहिल्याच बैठकीत विचार, अशी सोय आमच्यासाठी आहे का, आणि मी लिहिलेली दुरुस्ती मूळ नोंदीत जाणार की वेगळ्या पानावर पडून राहणार. लेखी उत्तर घे. नाव कोणाचं लागणार तेही विचार, कारण माहिती सांगणाऱ्या आजीबाईंचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, तुझ्या नावाच्या आधी यायला हवं.

सवड मिळाली की गुजरातेत तेजगढला जाऊन ये. छोटा उदेपूरजवळ आदिवासी अकादमीचं ‘वाचा’ संग्रहालय आहे, आपल्या वस्तू आपणच मांडायच्या म्हणजे काय ते तिथे कळेल.

तो सातवीतला मुलगा आता मोलगीजवळच शेती करतो, असं कळलंय. बोथट टोकाचा एखादा बाण कुठल्या सूचीत सापडला तर पहिली प्रिंट त्याच्यासाठी काढ. देताना मला बरोबर ने. त्याच्याशी मला बोलायचं आहे.

तुझ्या बाई
धुळे