गाडीतल्या स्वयंपाकाला कमी वॉटची उपकरणं

आधी उपकरणावरचे वॉट बघा, मग इन्व्हर्टरचे, म्हणजे बॅटरीच्या विजेवर घरगुती उपकरणं चालवणाऱ्या यंत्राचे. इंडक्शनवर ४०० वॉट निवडले तरी बऱ्याच शेगड्या पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतात आणि छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हच (घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा) घ्या, इथे तडजोड नको.

नवख्यांना मी ३०० ते ४०० वॉटचा राइस कुकरच सुचवतो. भात, मुगाची खिचडी, उकडलेली अंडी, रात्रीचं जेवण निघतं त्यात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत साधारण १२०० वॉट-तास असतात. खिचडीला दोनशेच्या आसपास लागतात. डाळ-तांदूळ आधी भिजवले तर त्याहून कमी. चहाला ६०० वॉटची छोटी किटली पुरे, फक्त कुकर चालू असताना ती लावू नका.