जमिनीला चिकटलेले एकच पान : सड्यावरच्या पांढऱ्या आमरीविषयी

साताऱ्याजवळच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळी पठारावर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिसलेल्या वनस्पतीचे आपण आपल्या प्रश्नात वर्णन केले आहे आणि ती कोणती, असे विचारले आहे : जमिनीला सपाट चिकटलेले एकच गोलसर, मांसल पान आणि त्याच्या मधोमध वीतभर दांड्यावर दोन पांढरी फुले. त्यावरून ती हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस ही जमिनीवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, असावी. हे नाव फादर ब्लॅटर आणि मॅक्कॅन या वनस्पती-अभ्यासकांनी १९३२ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिले. तिचा कंद काढून पुण्यातल्या गच्चीवरच्या कुंडीत लावावा का, हा आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कृपया काढू नये. त्याचे कारण या झाडाच्या वर्षभराच्या जगण्यात आहे.

आपल्याला दिसले ते तिचे पावसाळ्यातले थोडेसे दिवस. उरलेले बहुतेक वर्ष ती जांभ्याच्या कातळावरील पातळ मातीत केवळ कंदाच्या रूपाने असते. पहिले पाऊस झाले की पान उघडते आणि बाकीची आमरी अजून पानांवर असताना हिला फूल येते. गवत उंच वाढून तिला झाकण्याआधी फुलून घेण्याची ही घाई असावी असे मला वाटते. सड्यावरच्या त्या वाऱ्यात जमिनीला लगटून राहिलेले पान फाटत नाही आणि चरणाऱ्या गुरांच्या जिभेलाही सहज सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पाण्याच्या लोटाने एका ओघळीचा काठ कापला गेला होता, तेथे या आमरीचे एक रोप मुळांसकट उघडे पडलेले मला पाहायला मिळाले. त्याला दोन कंद होते. एक तपकिरी, सुरकुतलेला, बोटाने दाबल्यावर पिचणारा; दुसरा पांढरा, घट्ट आणि वाटाण्याहून थोडाच मोठा. जुना कंद स्वतःतला साठा पान आणि फूल उभे करण्यात खर्च करतो, आणि ते पान पावसाळ्याच्या उरलेल्या आठवड्यांत जे अन्न तयार करते त्यातून पुढच्या वर्षाचा कंद भरतो. म्हणून फुलावर असलेले रोप उपटले, तर जुना कंद रिकामा होत आलेला आणि नवा अजून न भरलेला, अशा सर्वांत नाजूक वेळी आपण ते उपटतो. कुंडीत ते पुढे तग धरील असे वाटले, तरी उन्हाळ्यात इतर झाडांबरोबर त्यालाही पाणी घातले जाते आणि कोरड्या विश्रांतीची सवय असलेला कंद कुजतो.

फुलाकडे पुन्हा जाल तेव्हा भिंग न्यावे. ओष्ठाच्या, म्हणजे फुलाच्या ओठासारख्या वेगळ्या पाकळीच्या, बुडापासून मागे एक लांब, पोकळ नळी लोंबते. उन्हाच्या बाजूला धरून पाहिल्यास तिच्या टोकाशी मधुरसाची पातळी दिसू शकते. पांढरा रंग आणि इतकी लांब नळी ही लांब सोंडेच्या पतंगांनी परागण होणाऱ्या फुलांची लक्षणे आहेत. गवताची काडी नळीच्या तोंडाशी अलगद टेकवून काढली, की तिच्या टोकाला बारीक दांडीवरचा पिवळसर परागपुंज चिकटून येतो. परागांचे हे गाठोडे पुष्कळ लहान ढेकळांचे बनलेले असते. पतंग दुसऱ्या फुलावर गेला की त्यातली काही ढेकळे तेथील चिकट कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागावर, राहतात, आणि उरलेली पुढच्या फुलाच्या उपयोगी पडतात. (हा प्रयोग एखाद्याच फुलावर करावा, कारण काडीने काढलेला परागपुंज पतंगाला मिळत नाही.) ज्याला आपण फुलाचा देठ समजतो तो किंजपुट, म्हणजे पुढे फळ होणारा भाग, असतो, आणि त्याला पडलेला पीळही तेव्हाच पाहून घ्यावा. त्या पिळामुळे फूल अर्धे वळते आणि कळीत वरच्या बाजूला असलेला ओष्ठ खाली येतो.

कुंडीच्या विरोधातले सर्वांत मोठे कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. फळ तडकल्यावर धुळीसारखे बी वाऱ्यावर जाते. त्यात ज्वारीच्या दाण्यात असतो तसा अन्नाचा साठा मुळीच नसतो. योग्य बुरशी आत शिरली आणि तिने अन्न पुरवले, तरच ते रुजते. ऑर्किडच्या रुजण्यातील बुरशीचा हा वाटा नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये दाखवून दिला. त्यामुळे सड्यावरची ती बोटभर माती, तिच्यातली बुरशी आणि रात्री येणारा पतंग हे सगळे मिळून या झाडाचे घर होते, आणि ते गच्चीवर नेता येत नाही. याच कारणाने सड्यावर गाडी उभी केल्यावर चाकाखाली दाबली जाणारी माती मला फार खुपते. तोडलेल्या फुलाचा कंद निदान शाबूत राहतो. घट्ट दाबलेल्या मातीत पुढचे बी रुजणे कठीण होते.

आपल्याला पुढच्या वर्षीही ती पाहायची असल्यास जवळच्या एखाद्या ओळखीच्या दगडावरून जागा लक्षात ठेवावी आणि जूनअखेरीस पुन्हा जावे. नेमकी जागा मात्र येथे लिहू नये. ओळख पक्की करण्यासाठी मला दोन छायाचित्रे हवी आहेत : एक पानाचे वरून, आणि दुसरे फुलाचे अगदी बाजूने, ज्यात किंजपुट आणि नळी यांची लांबी शेजारी शेजारी दिसेल.