साडेतीन वर्षांचा रिजेक्ट जॉब

“मॅडम, गिटार येतंय असं म्हणायला किती यायला लागतंय वो?”

बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसता बसताच सुरेशरावांनी हा प्रश्न टाकला. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) बाहेर जुलैची झड लागलेली, छत्री कोपऱ्यात ठिबकत होती. गिटार काही त्यांनी आणलं नव्हतं. पिशवीतून निघाली एक लांबट वही, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली.

वहीत रकाने आखले होते. तारीख, किती मिनिटं, काय वाजवलं, मेट्रोनोमचा (ठेका देणाऱ्या यंत्राचा) वेग आणि शेवटी शेरा. शेरे दोनच, निळ्या शाईत ‘ओके’ आणि लाल शाईत ‘रिजेक्ट’. एकाही दिवसाचा खाडा नाही, गणपतीतसुद्धा नाही. ‘एफ’ कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांचा एक अवघड मेळ, त्याच्या एका पानावर मी लाल शेरे मोजले, चौदा निघाले.

“साडेतीन वर्षं झाली. तुम्ही नाही म्हटलात तर विकून टाकतो. घरात जागा तरी होईल.”

सुरेशराव ४७ वर्षांचे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. हातात मायक्रोमीटर, समोर मापांचं ड्रॉइंग, आणि ट्रेमध्ये रांगेनं मांडलेले जॉब, म्हणजे मशिनवर तयार झालेले सुटे भाग. राहायला वडगावात. वडील मागावर साड्या विणायचे. लहानपणी घरात गिटार हा शब्दही नव्हता. मुलगी कॉलेजला गेल्यावर यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी म्हणून काही विकत घेतलं, ते हे.

झोप, जेवण, कामावरचं लक्ष, घरातलं बोलणं याची आधी विचारपूस केली. सगळं ठीक होतं. कुठल्याच गोष्टीत रस वाटत नाही, झोप उडाली आहे, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर प्रश्न गिटारचा नसतो, आणि तिथं वेगळी मदत लागते. इथं तसं नव्हतं. दुखत होतं ते एकाच जागी.

ही चिंता माझ्याकडे नेहमी येते, फक्त वेष बदलून. कुणाची चित्रकला असते, कुणाचं पोहणं, कुणाचं इंग्रजी बोलणं. चाळिशीनंतर हौसेनं काही शिकायला घेतलेली माणसं दोन-तीन वर्षांनी अडखळतात आणि विचारतात, एवढा वेळ घालवून मी मिळवलं काय? माझा स्वतःचाही हिशोब यात सुटलेला नाही. ज्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पेटी शिकवली, त्या गावात दोन वर्षांत पेटी सोडून दिलेली बाई आहे मी. माझी पेटी माळ्यावर आहे.

अशा वेळी लोक सांगतात, “आनंदासाठी वाजवा हो, यश-बिश काय घेऊन बसलात!” मला हा सल्ला अजिबात पटत नाही. ज्याला चांगलं वाजवायचंय त्याला ‘चांगलं वाजवायची काय गरज’ म्हणणं म्हणजे भुकेल्याला उपासाचं पुण्य सांगणं. सुरेशरावांना चांगलंच वाजवायचं होतं.

पण चांगलं म्हणजे कुणाच्या हिशेबानं? हे विचारल्यावर आदल्या वर्षीची खंडेनवमी बाहेर आली.

त्या दिवशी मशिनी धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात, पूजा होते, चिरमुरे-पेढे वाटतात. कुणीतरी म्हणालं, सुरेशराव, आज गिटार होऊन जाऊ दे. यांनी सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला ‘एफ’ आला आणि हात थांबला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा “सॉरी” म्हणून गिटार खाली ठेवलं. बैलहोंगलकडचा एक विशीतला ॲप्रेंटिस पोरगा पुढं आला, “सर, कॅपो हाक्री” म्हणाला, म्हणजे कॅपो लावा (गिटारच्या मानेवर बसवायचा चिमटा, त्यानं सोप्या कॉर्डवर काम भागतं), आणि खिशातनं स्वतःचाच कॅपो काढून तेच गाणं सलग वाजवून मोकळा झाला. टाळ्या पडल्या.

“वाईट नव्हता वो पोरगा. मदतच करूलालता. पण मी त्यानंतर चारचौघांत वाजवलं नाही.”

तेव्हा मी एक चूक केली. धीर द्यावा म्हणून त्यांना टोनी आयॉमीची गोष्ट सांगितली. हा ब्लॅक सॅबाथ या इंग्लिश बँडचा गिटारवादक. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १७ वर्षांचा असताना, कामाच्या शेवटच्या दिवशी, मशिनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढं त्या सैलही केल्या, आणि त्यातून जो जड, खोल आवाज आला तो जगभर गेला. प्रेसवर बोट जाणं म्हणजे काय, हे उद्यमबागेतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ऐकताना सुरेशराव नकळत स्वतःची बोटं चोळत होते.

मग म्हणाले, “म्हणजे बघा. त्याची गेलेली असून तो तिथं पोचला. माझी दहाच्या दहा शाबूत आहेत.”

गोष्ट उलटी बसली होती. आणखी एक माप मी त्यांच्या हातात दिलं होतं. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं आजारपण आणि त्यानंतरचं गाणं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

शेवटी त्यांच्याच धंद्याची भाषा धरली. म्हटलं, “जॉब तपासताना आधी काय लागतं?”

“ड्रॉइंग.”

“या वहीतला जॉब कुठल्या ड्रॉइंगवर तपासलाय?”

बराच वेळ गेला. मग एकेक निघालं. यूट्यूबवरच्या एका शिक्षकाचं ‘सहा महिन्यांत गिटार’. तो ॲप्रेंटिस. मुलीच्या मैत्रिणीनं दिलेली ट्रिनिटी कॉलेज लंडनची संगीत परीक्षा, जिच्यात इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत पायऱ्या असतात. तिचा अभ्यासक्रम यांनी मोबाईलवर उतरवून ठेवला होता. शिवाय लहानपणी शेजारच्या टीव्हीवर पाहिलेला, केस उडवत वाजवणारा कुणीतरी.

“चार ड्रॉइंग झाली की,” मी म्हटलं.

ते हसले. “चार ड्रॉइंगचा एक जॉब केला तर सुपरवायझर हाकलंल मला.”

मानसोपचारात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी एक फरक ठासून मांडला. कृतीचं मूल्यमापन करा, त्यावरून माणसाचं करू नका. ‘एफ’ आज वाजला नाही, हे मोजता येतं. ‘मी रिजेक्ट’ हे मोजण्याचं मापच कुठं नाही. हे मी सुरेशरावांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पण फार काही पटलेलं दिसलं नाही. ड्रॉइंगची गोष्ट मात्र घेऊन गेले. घरी करायचं काम एवढंच होतं की स्वतःचं ड्रॉइंग काढून आणायचं, कागदाच्या एका बाजूत मावेल इतकं.

दोन आठवड्यांनी आले तेव्हा कागदावर तीन ओळी होत्या. एक गाणं न थांबता शेवटपर्यंत, चुकलं तरी. सूर दाखवणाऱ्या ॲपशिवाय, कानानं गिटार जुळवणं. आणि तिसरी पुसून परत लिहिलेली: एकादशीला भजनात बसणं.

वडील भजनी मंडळात टाळ वाजवायचे, चाळीस वर्षं. मी विचारलं, “त्यांना टाळ येत होता?”

“टाळात काय यायचं वो?” म्हणाले आणि गप्प झाले. मग लगेच, जरा चिडूनच, “पण टाळ म्हणजे गिटार नव्हे.” बरोबर होतं त्यांचं. मी ते ओढत नेलं नाही.

त्या दिवशी एक साधी गोष्ट मी उशिरा विचारली. माझ्या भाच्यामुळे एवढं ठाऊक होतं की स्वस्तातल्या गिटारच्या तारा पुष्कळदा फार उंच असतात. म्हटलं, “तुम्ही रोज स्वतःला मोजलंत. गिटार मोजलंत?”

मोजलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी मोजून फोन केला. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड तार ४ मिलिमीटर वर. साधारण अडीचच्या आसपास ती चालते. एवढ्या उंच तारा असल्या की ‘एफ’ला पहिल्या बोटानं सहाच्या सहा दाबायच्या म्हणजे बोटाशी मारामारीच. दोष सगळा गिटारचा नव्हता, पण चौदातले काही लाल शेरे त्याच्या नावावर जायला हवे होते. मग त्यांनी सॅडल म्हणतात ती ब्रिजवरची, तारांना टेकू देणारी पांढरी पट्टी काढली आणि दोन संध्याकाळी बसून एमरी पेपरवर घासली. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचं तर पट्टी दोन मिलिमीटर उतरवावी लागते. घासलेलं परत येत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी मोजत. फोनवर पहिल्यांदाच आवाजात जीव होता.

पुढच्या भेटीला गिटार आलं. खोलीतच जुळवून दाखवलं. जाड तारेचा पाचवा फ्रेट दाबायचा आणि शेजारची तार मोकळी छेडायची. दोन्ही सूर जवळ आले की आवाज थरथरतो, वाँव-वाँव-वाँव. सेकंदाला जितक्या कंपनांचा फरक, तितके थरथराट. खुंटी केसभर फिरवली की ते लांबत जातात, वाँऽव, वाँऽऽव, आणि मग एकदम सपाट शांत होतं. सुरेशराव डोळे मिटून, कान गिटारच्या अंगाला लावून बसले होते. शांत झालं तेव्हा बोट वर करून मला दाखवलं, ऐकलंत? ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायला तिथं दुसरं कुणी लागलं नाही.

तिसऱ्या तारेवरून दुसरी जुळवताना पाचवा नाही, चौथा फ्रेट धरावा लागतो, हे विसरून एकदा घोळ झाला. वहीत लिहिलं मात्र नाही.

आणखी एक शोध त्यांनीच लावला आणि मला सांगायला मुद्दाम दहा मिनिटं आधी आले. गिटारवर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्यामुळे त्यातला गंधार शुद्ध गंधारापेक्षा जरा चढाच राहतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले सुमारे १४. “म्हणजे मॅडम, वाद्यच टॉलरन्सवर चालतंय! कितीबी जुळवा, शून्य-शून्य येणारच नाही.” (टॉलरन्स म्हणजे मापात चालवून घ्यायचा फरक.) हे सांगताना चेहऱ्यावर जी सुटका होती ती माझ्या चार भेटींच्या बोलण्यानं आली नव्हती.

सरावातही बदल झाले. रविवारचं दोन तास ठोकणं बंद, रोज वीसच मिनिटं. महिन्याच्या एक तारखेला मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि तीन महिने ऐकायचं नाही. ‘एफ’च्या जागी तूर्त बारीक चारच तारांचा लहान ‘एफ’. आणि कॅपो विकत घेतला. त्या पोराचा सल्ला दुखला होता, पण चुकीचा नव्हता. दहा महिने लागले तो मानायला.

भजनाचं मात्र घोडं अडलं. मंडळात बुवा काळी एक या पट्टीत गातात. पहिल्या फ्रेटवर कॅपो, त्यावर ‘सी’ कॉर्डचा आकार, इथवर सुरेशरावांनी घरी तयारी केली होती. ॲप लावून सगळ्या तारा हिरव्या करून गेले. तिथं पहिल्याच अभंगाला गिटार आणि पेटी एकमेकांना चावायला लागली. मृदंगवाल्यानं वळून बघितलं.

“मग?”

“मग काय, दोन अभंग गप्प बसलो. पेटी जुनी आहे मॅडम, आमच्या वडलांच्या वेळची. ती जरा चढी बोलते. ॲपला तिचं काय माहीत! बुवा पाणी प्यायला थांबले तेव्हा पेटीवाल्याला म्हटलं, जरा पट्टी धरून ठेव. कान लावला, वाँव-वाँव जाईपर्यंत सगळ्या तारा चढवल्या. घरी येऊन ॲप लावून बघितलं, सगळं लाल. सहाच्या सहा तारा लाल दाखवूलालं. पण तिथं पेटीला लागलेलं.”

“किती वाजवलंत?”

“दोन अभंग. तिसऱ्याला लय वाढली, मला जमंना. गिटार बाजूला ठेवलं आणि टाळ घेतला.”

‘एफ’चं विचारलं. पूर्ण ‘एफ’ अजून दहातून सहा वेळाच स्वच्छ वाजतो. हे सहा त्यांनी निळ्या शाईत लिहिलेत की लाल, ते मी विचारलं नाही. वही त्या दिवशी पिशवीत नव्हती.

पुढची वेळ ठरवायला मी डायरी उघडली. येतो तो शनिवार सांगितला.

“शनिवारी नको वो मॅडम,” ते छत्री उचलत म्हणाले, “एकादशी आहे.”