माळ, शेततळं, जुनं भात आणि राबाचा ऐन: वाचकांचे प्रश्न

शेती लहान आणि तिच्या कडेला थोडासा माळ, ओढा किंवा झाडोरा, अशा शेतकऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक प्रश्नात एकच अडचण दिसते. योजना खड्डे, चर आणि रोपं मोजते. अधिवासाला, म्हणजे पशुपक्षी-गवतांच्या राहण्याच्या जागेला, मात्र पुष्कळदा हात न लावलेलाच मानवतो. अनुदान कुठे घ्यायचं आणि कुठला तुकडा सोडायचा, हे आधी ठरवलं की पुढचं सोपं जातं.

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. वरचा एक एकर मुरमाड माळ आहे, सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे पिकाला न येणारी जागा. योजनेतून तिथे सीताफळ लावा, असं सगळे सांगतात. मुलगा म्हणतो, तिथे चंडोल अंडी घालतात, खोकडाचं बीळ आहे, माळ तसाच राहू दे. काय करावं?

मुलाचं ऐका, पण आधी माळ तपासा. सप्टेंबरमध्ये बांबूच्या कामट्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा, माळावर दहा ठिकाणी न बघता टाका आणि आतलं गवत ओळखा. निम्म्याहून जास्त चौकटींत मारवेल, पवन्या किंवा डोंगरी गवताचे ठोंब असतील, तर तो पडीक तुकडा नाही, जिवंत गवताळ माळ आहे. सगळीकडे नुसतं कुसळी आणि तरवड दिसलं, तर चराई जास्त झाली आहे. जनावर तरवडाला तोंड लावत नाही, म्हणून खाल्लेल्या माळावर तोच उरतो. असा माळही सावरतो, पण झाडं लावून नव्हे. चंडोल, तित्तर, चिंकारा, लांडगा यांना मोकळं लांबवर दिसायला लागतं. दाट झाडी आली की ते जागा सोडतात. मुरमाच्या उथळ थरावर सीताफळही खुरटतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

फळबाग हवीच असेल तर खालच्या कसत्या रानात घ्या. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकण सोडून इतरत्र किमान 0.20 हेक्टर, म्हणजे साधारण 20 गुंठे लागतात. सीताफळाचं अंतर 5 बाय 5 मीटर धरलं तर त्यात 80 झाडं बसतात. वरच्या एकराला हात न लावताही तुम्ही योजनेत बसता. अर्जात गट क्रमांकाबरोबर लागवडीची जागा नकाशावर खूण करून द्या, नाहीतर आखणीला आलेला माणूस मोकळी दिसेल ती जागा, म्हणजे माळच, धरतो. पोटखराब ‘अ’ की ‘ब’ हेही बघून ठेवा. ‘ब’ म्हणजे ओढा, रस्ता अशा सार्वजनिक कामाची जागा, तिथे खोदकाम करू नये.

आता माळ सुधारायचा कसा. पहिल्या पावसापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत गुरं-शेळ्या आत सोडू नका. मारवेलाचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतं, ते गळून पडल्यावर विळ्याने कापा आणि बुडखा चार-पाच इंच ठेवा. त्याहून खाली कापलं तर ठोंब उन्हाळ्यात वाळतो. दरवर्षी एक तृतीयांश माळ न कापता ठेवा आणि पुढच्या वर्षी पट्टा बदला, म्हणजे पक्ष्यांना आडोसा राहतो. गवत विरळ असेल तर मारवेलाचे मुळांसकट ठोंब लावा, दोन ओळींत दीड फूट आणि दोन ठोंबांत एक फूट. सगळ्या एकराला हे करायचं तर 30,000 ठोंब लागतील, तेवढ्याची गरज नाही. तीन बाय तीन मीटरची दहा बेटं करा, साधारण 670 ठोंबांत काम होतं आणि पुढे बी आपोआप पसरतं. जमीन पुरती भिजल्यावर, जुलैत, उपटलेले ठोंब त्याच दिवशी लावा. हे काम फसतं ते दोन कारणांनी: ठोंब रात्रभर पोत्यात राहून वाळतात, किंवा पहिल्याच वर्षी शेळी ते मुळासकट उपटते. कुसळी मात्र कुसळं धरायच्या आत कापा. तेव्हाच ती वैरण असते; नंतर कुसळं जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या कातड्यात घुसतात.

माळ पेटवू नका. आगीने चांगलं गवत मागे पडतं आणि कुसळीच वाढते. मृदसंधारणाच्या कामात तिथे सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, आखायला आले तर नम्रपणे नको म्हणा. 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल चर म्हणजे गवताचं आवरण फाडून मुरूम वर आणणं, आणि उकरलेल्या मुरमावर गाजरगवत सगळ्यांत आधी येतं. घळ पडली असेल तिथे अनघड दगडी बांध मागून घ्या. पाणी तेवढंच थांबतं आणि माळ शाबूत राहतो.

प्रश्न: शेततळ्याला प्लास्टिकचा कागद आहे. दर उन्हाळ्यात ससा, मुंगूस, एकदा तर कोल्हा बुडून मेला. दोर टाकला होता, उपयोग झाला नाही. (संगमनेर)

दोर आखूड पडला असणार. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल आणि 1:1 उताराच्या तळ्यात 2,196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं. जनावरं त्यात पडतात ती तळं भरलेलं असताना नव्हे. मार्च ते मे, पाणी तळाला गेलेलं असताना. बाजूची तिरकी लांबी 4.24 मीटर भरते, म्हणजे जवळजवळ 14 फूट. वरच्या पाच-सहा फुटांवर संपणारा दोर एप्रिलमध्ये हवेतच लोंबतो. नुसता गुळगुळीत दोर मुंगसाला जेमतेम चालतो, सशाला तोही नाही.

त्याऐवजी काथ्याची विणलेली जाळी घ्या, एक मीटर रुंद आणि 6 मीटर लांब. वरचं टोक कागदाच्या बाहेर, बांधाच्या पलीकडे ठोकलेल्या खुंट्यांना बांधा, कागदाला भोक पाडू नका. खालचा एक मीटर तळावर पसरू द्या आणि त्यावर वाळूची पोती ठेवा. दगड ठेवला तर त्याच्या धारेने 500 मायक्रॉनचा कागदही कापला जातो. जाळीची भोकं पाच सेंमीपेक्षा लहान असावीत, मोठ्या भोकांत पाय अडकतो. पडलेलं जनावर काठाकाठाने पोहत फिरतं आणि कोपऱ्यात थकतं, म्हणून चारही कोपऱ्यांत जाळी हवी. काथ्या पाण्यात कुजतो. दर फेब्रुवारीत ओढून बघा, तुटत असेल तर बदला.

कोल्हा, हरीण अशा मोठ्या जनावरांसाठी कुंपणच लागतं: पाच फूट चेनलिंक, खालच्या दीड फुटाला बारीक तारेची जाळी आणि तिची अर्धा फूट कड मातीत पुरलेली. मासेमारीची जुनी नायलॉन जाळी कुंपणाला कधीही बांधू नका, त्यात नाग, धामण अडकून मरतात. धामण गेली की उंदीर वाढतात.

हे सगळं करूनही तहानलेलं जनावर आत शिरायची वाट शोधतंच. म्हणून कुंपणापासून पन्नासेक फुटांवर, झुडपाच्या आडोशाला बशीच्या आकाराचा पाणवठा करा: दोन मीटर व्यास, मधे एक फूट खोल, कडेचा उतार अगदी हळू. ठिबकची एक नळी त्यात सोडून ठेवा. सगळ्या उपायांत हाच सर्वांत स्वस्त, आणि आमच्या मते सर्वांत आधी करायचा.

प्रश्न: अकोले तालुक्यात आम्ही काही घरं जुनं काळं भात राखून आहोत. गावात जैवविविधता समिती आहे म्हणे, पण तिचा लहान शेतकऱ्याला उपयोग काय? आणि हे बियाणं कोणी कंपनी आपल्या नावावर करेल का?

जैविक विविधता कायदा 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला ही समिती स्थापन करावीच लागते. गावाची लोक जैवविविधता नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. पुष्कळ गावांत ही वही एकदा कोणाकडून तरी भरून घेतली गेली आणि कपाटात गेली. ग्रामसभेत ती मागा, वाचून दाखवायला सांगा आणि तुमच्या भाताची नोंद नसेल तर ठराव करून घाला. नोंदीत गावातलं नाव, कोणत्या खाचरात येतं, किती दिवसांत निसवतं (लोंबी बाहेर टाकतं), लोंबी-कुसळाचा रंग, किती घरं पेरतात आणि बी कुठून आलं, एवढं तरी असावं. औषधी उपयोग लिहिताना मात्र सावध राहा. जे उघड करायचं नाही ते गोपनीय ठेवा, असं समितीला लेखी सांगा. व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकारही समितीला आहे आणि तो पैसा स्थानिक जैवविविधता निधीत जातो.

या समितीचा तुम्हाला थेट उपयोग पुढच्या पायरीवर आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 खाली शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी होते. शेतकऱ्याला नोंदणी शुल्क नाही. अर्जावर जे दुजोऱ्याचे सही-शिक्के चालतात त्यांत जैवविविधता समितीच्या अध्यक्षांचा किंवा सचिवांचा आहे. अर्ज एकट्याच्या नावाने करू नका, पेरणाऱ्या सगळ्या घरांच्या गटाने करा. वाण समाजाचं आहे, आणि एकाचं नाव लागलं की गावात भांडण लागतं. संवर्धन करणाऱ्या गटांसाठी याच कायद्याखाली 10 लाख रुपयांचा पुरस्कारही आहे. नोंदणी असो-नसो, बी राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं आणि विकणं हा तुमचा हक्क कलम 39 मध्ये आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

भौगोलिक मानांकन ही वेगळी गोष्ट. आजरा घनसाळ या तांदळाला ते मिळालं आहे, पण त्यात त्या प्रदेशातल्या तांदळाचं नाव राखलं जातं, बियाणं नाही.

नोंदणी बहुधा अडते ती बियाण्याच्या भेसळीवर. चाचणीच्या वाफ्यात तीन उंचीची रोपं आली तर वाण ‘एकसारखं’ ठरत नाही. शेजारच्या भातापासून तीन मीटर अंतर ठेवा. फुटवे, निसवणं आणि पक्वता अशा तीनदा शेतात फिरून वेगळी दिसणारी रोपं उपटा. बियाण्यासाठी कडेची नव्हे, मधल्या भागातली तीन-चारशे लोंब्या हाताने खुडा. खळ्यावर मशीन वापरलंत तर आधीच्या वाणाचे दाणे त्यात असतातच, म्हणून बियाण्याचं भात काठीने झोडपा. ओल 13 टक्क्यांच्या खाली हवी. दाणा दाताखाली कडकन तुटला पाहिजे. दबला तर अजून दोन उन्हं द्या.

प्रश्न: स्वतःच्या जागेतले ऐन-किंजळ राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, छाटायला परवानगी लागते का? (संगमेश्वर)

तोडायला लागते. 1964 च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या अनुसूचीत 16 झाडं आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. बुंध्यापासून तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्या. राबासाठी फांद्या छाटताना शेंड्याचा एक तृतीयांश भाग ठेवा आणि एकाच झाडावर दरवर्षी कोयता चालवू नका. तीन गट पाडून आळीपाळीने छाटलं तर झाड फुलतं-फळतंही.

बेहडा या यादीत नाही, म्हणून तो बेधडक जातो. पण धनेश पक्षी ढोलीसाठी असेच जुने, जाड बेहडे शोधतो. तुमच्या रानात ढोली असलेला बेहडा असेल तर त्याची नोंद गावाच्या जैवविविधता नोंदवहीत करा आणि ठेकेदाराशी झाडं मोजून सौदा करताना तो लेखी वगळा. तोंडी वगळलेलं झाड तोडीच्या दिवशी वाचत नाही.

प्रश्न: कांद्याच्या बीजोत्पादनात गोंड्यात (फुलांच्या गुच्छात) दाणा भरत नाही. बांधावर काय लावावं? (बुलढाणा)

लावण्याआधी फवारणी बघा. कांद्याच्या फुलात परागकण आधी तयार होतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर न्यायला कीटक लागतोच. फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं की दाणा तिथेच गेला. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी उरका. नंतर अगदी नाइलाज झाला तर सूर्यास्तानंतर फवारा.

सातेरी मधमाश्यांच्या पेट्या एकरी दोन ठेवा, पण साधारण 10 टक्के गोंडे उमलल्यावर. आधी ठेवल्या तर माश्या शेजारच्या दुसऱ्या फुलोऱ्याला सरावतात आणि कांद्याकडे वळत नाहीत. बांधावर निर्गुडी, करवंद, शेवगा आणि बोर मिसळून लावा, म्हणजे वेगवेगळ्या महिन्यांत फुलं मिळतात. निर्गुडीला शेळी तोंड लावत नाही. करवंदाचं बी वाळवून ठेवलं तर उगवत नाही, मे-जूनमध्ये फळ खाल्ल्याबरोबर लावा.

एकट्याने राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीत घर करतात. त्यांच्यासाठी बांधाची उन्हाकडची एक बाजू, दहा-बारा फूट, न खुरपता आणि तणनाशक न मारता उघडी ठेवा. पेन्सिलीच्या जाडीची भोकं आणि त्यांभोवती मातीचा चुरा दिसला की समजा, घरं वसली.