सुट्टीतलं तबला शिबिर: कुठलं आणि कितीचं?

प्रश्न: मुलगी 11 वर्षांची, तबल्याची प्रवेशिका पूर्ण (सुरुवातीच्या टप्प्यातली परीक्षा) झाली आहे. मे महिन्यात 10 दिवसांचं निवासी शिबिर (18,000 रुपये, रोज 5 तास) की गावातलंच 15 दिवसांचं (4,500 रुपये, रोज 2 तास)?

उत्तर: आधी तासांचा हिशोब मांडा. निवासी शिबिराचा तास 360 रुपयांना पडतो, त्यात राहणं-जेवण आलं. गावातला 150 ला. पण खरा प्रश्न आहे एका गुरूसमोर मुलं किती. दोन तासांत वीस मुलं असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. तेवढ्यात हात सुधारत नाही, फार तर एखादा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) पाठ होतो. सहा-आठ मुलांची तुकडी असेल तिथेच पैसे भरा.

दुसरं, बाज, म्हणजे वाजवण्याची शैली कुठली, ते विचारा. घराण्यागणिक ‘तिरकिट’ या बोलाचा निकास, म्हणजे तो हाताने काढण्याची पद्धत, बदलतो. या वयात दहा दिवसांपुरता नवा निकास शिकला, की जूनमध्ये नेहमीच्या गुरुजींना तो मोडायला बसावं लागतं. म्हणून नाव घालण्याआधी त्यांना विचारा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मेमध्येही असतात, तारखा आदळत नाहीत ना तेही पाहा.

पैसे एकरकमी देऊ नका. निम्मे नोंदणीला, उरलेले पहिल्या दिवशी, संस्थेच्या खात्यावर आणि पावती घेऊनच. मूल आजारी पडलं तर किती परत मिळणार, हे लेखी घ्या. समारोपाचा पोशाख, तबल्याचं भाडं असे खर्च माहितीपत्रकात हमखास नसतात. जमल्यास स्वतःची तबला-डग्ग्याची जोडी न्या, सुरात लावायच्या हातोडीसकट.