छातीत गाठ आली आणि पोरानं तालीम सोडली

प्रश्न : आम्ही सांगली जिल्ह्यातले. मुलगा साडेतेरा वर्षांचा, आठवीत आहे. तिसरीपासून तालमीत जातो. दिवाळीपासून मात्र रोज काहीतरी निमित्त काढून घरी बसतोय. अंगातला शर्ट काढत नाही, विहिरीवर पोहायला जाणंही बंद. परवा आईनं खोदून विचारलं तेव्हा रडायलाच लागला. डाव्या छातीत गाठ आलीय, दप्तराचा पट्टा लागला तरी दुखतं, पोरं चिडवतात म्हणाला. त्याची आजी म्हणते, ब्रॉयलर खाऊन झालं. कॅन्सर नसेल ना? ऑपरेशन करावं लागेल का?
– एक वडील

उत्तर : या वयाच्या मुलात छातीचा कॅन्सर जवळपास नसतोच, तेव्हा ती धास्ती आधी सोडा. तुम्ही लिहिलंय ते वयात येण्याचंच लक्षण दिसतंय. स्तनाग्राच्या बरोबर खाली बोट ठेवलं तर बटणाएवढी, रबरासारखी चकती लागते आणि दाबली की कळ येते. जवळपास निम्म्या मुलांना हे कमी-जास्त होतं. माझ्याकडे अशी मुलं भर मे महिन्यात जॅकेट घालून येतात; खुर्चीत पोक काढून बसलेलं पोर बघितलं की पुढचं मला कळतं. मुलींना पाळीबद्दल निदान कुणीतरी चार शब्द सांगतं. मुलांना मिसरूड आणि आवाज फुटणं यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

वयात येताना वृषणांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार व्हायला लागतं आणि त्यातल्या थोड्याचं शरीर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, बनवतं. पुरुषाच्या अंगातही ते असतंच. सुरुवातीला दोन्हींचा मेळ बसलेला नसतो, म्हणून छातीतली ग्रंथी फुगते. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप बसते. एका बाजूला आधी, दुसऱ्या बाजूला नंतर, असंही होतं. ऑपरेशनचा विचार आज करायचा नाही. आणि आजींना सांगा, ब्रॉयलरचा यात काही दोष नाही.

एकदा बालरोगतज्ज्ञांना मात्र दाखवा. ते वृषणंही तपासतील. मुलाला हे घरूनच सांगून न्या, नाहीतर तिथे लाजून आखडेल. गाठ दगडासारखी टणक असेल, स्तनाग्र सोडून बाजूला असेल, झपाट्यानं वाढत असेल किंवा स्राव येत असेल, तर लगेच जा. तालमीत किंवा जिममध्ये कुणी पावडर, गोळ्या, इंजेक्शन दिलंय का, हे न रागावता विचारा. ताकदीच्या नावाखाली दिलेल्या स्टेरॉइडनं नेमकी अशीच छाती वाढते. घरी तेल लावून चोळू नका, चोळल्यानं दुखणं वाढतं.

तालमीचं म्हणाल तर वस्तादांशी तुम्ही एकटे जाऊन बोला, पोराला समोर उभं करून नको. त्यांच्या हाताखालून इतकी पोरं वाढून गेलीत की त्यांना हे नवं नसेल. तूर्त बनियन घालून जोर-बैठका मारू दे, दोर चढू दे. लंगोट लावून मातीत कधी उतरायचं ते त्याचं तो ठरवेल. चिडवणाऱ्यांचा बंदोबस्त वस्तादांवर सोपवा, तुम्ही पोरांच्या घरी भांडायला गेलात तर त्याला तालमीत तोंड दाखवणं मुश्कील होईल.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. याच सुमारास मुलांची उंची वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरनं वाढू शकते. आधी पाय वाढतात, नवे बूट चार महिन्यांत चावायला लागतात. वजनही वाढणारच, कुस्तीतला गटही बदलेल. जुन्या गटात बसवायला म्हणून त्याच्या भाकऱ्या तोडू नका, स्पर्धेआधी त्याचं पाणी तर मुळीच तोडू नका. वरच्या गटात दोन कुस्त्या हरला तरी चालेल.