उन्हाने भाजलेल्या त्वचेवर कोरफड लावण्याआधी

आधी थंड पाण्याची ओली पट्टी 10-15 मिनिटं ठेव, बर्फ नको. मग कोरफड. पान कापलंस की लगेच गर काढू नकोस. तुकडा उभा ठेवून पिवळा चीक पूर्ण निथळू दे. नवखे नेमकं इथेच चुकतात. त्या चिकाने खाज सुटते, पुरळ येतं आणि दोष कोरफडीला लागतो. गर धुऊन आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघ, मग पातळ थर दे, चोळू नकोस. काकडीचा कीसही गारवा देतो. लिंबू मात्र अजिबात नको! रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येतात, काळे डाग राहतात. मोठे फोड, ताप किंवा चक्कर असेल तर थेट डॉक्टरकडे जा.